भिंतीवरचा तिसरा घोडा

निवृत्त झाले त्या वर्षी मी भिंतींचे फोटो काढायला लागले. त्यामागे कलेची ओढ वगैरे काही नव्हती. आम्हा भावंडांचा फोनवर एक ग्रुप आहे. पुणे, लातूर, नांदेड, हैदराबाद, सगळीकडचे त्यात आहेत. त्यावर रोज सकाळी गुलाब, उगवता सूर्य आणि सुविचार येतात. मी शाळेत इतकी वर्षं फळ्याच्या कोपऱ्यात सुविचार लिहीत आले होते की आता मला त्यांचा वैताग यायचा. एकदा धाकट्या बहिणीला फोनवर म्हटलं, "मी आपला रोज एकच फोटो टाकीन, पण तो मी काढलेला असेल."

"काढ की," ती म्हणाली. "पण कशाचा काढणार?"

हा प्रश्न बरोबर होता. गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी रोज अर्धा तास चालायला सांगितलं होतं, आणि इथं हैदराबादच्या मलकपेठमध्ये चालताना दिसतं काय तर दुकानं, गाड्या आणि भिंती. दुकानांचे फोटो काढले तर दुकानदार विचारतात. गाड्या थांबत नाहीत. म्हणून भिंती.

मग लक्षात आलं की त्या भिंती रंगवलेल्या आहेत. म्हणजे हे माहीत होतं, पण पाहिलेलं नव्हतं. एका दवाखान्याच्या कुंपणावर हरणं होती आणि त्या हरणांना माणसांसारख्या पापण्या होत्या. पाण्याच्या एका टाकीवर फुलांचा थर डोक्यावर घेतलेल्या बायका गोल धरून उभ्या होत्या. टाकी गोल, त्यामुळे तो गोल कधी संपतच नव्हता. चौकात भंगार लोखंडाचा एक मोर होता. त्याच्या पिसाऱ्यात मोटरसायकलच्या साखळ्या आहेत हे मला त्याच्यासमोरून कित्येक वर्षं ये-जा केल्यावर, फोनच्या पडद्यावर मोठं करून पाहताना कळलं. आमचं घराणं मूळचं गौलीगुड्यातलं. आजोबा वकिली करायचे, वडील शाळेत होते, मीही शाळेतच. लग्न होऊन मलकपेठला आले. सगळा जन्म या शहरात गेला, आणि साखळ्या दिसल्या निवृत्तीनंतर.

थंडी सुरू व्हायच्या सुमाराला आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेली लांब भिंत रंगवायला घेतली. रेसकोर्स जवळ, म्हणून असेल, विषय होता धावते घोडे. पाच घोडे, माणसाच्या उंचीचे, डावीकडून उजवीकडे निघालेले. आधी पांढरा हात मारला, मग भिंतीवर नीळ लावलेल्या सुतळीनं चौकटी पाडल्या. मी गणित शिकवायचे, त्यामुळे चौकटी पाहून मला बरं वाटलं. हातातल्या छोट्या कागदावर जितक्या चौकटी तितक्याच भिंतीवर, आणि एकेका चौकटीत जेवढी रेघ आहे तेवढीच काढायची. रंगवणारी एक मुलगी होती, पंचविशी-तिशीची. डोक्यावर टोपी, अंगात पुरुषी पूर्ण बाह्यांचा शर्ट, नाकावर ओढणी. तिचे सोबती रस्त्याच्या पलीकडच्या भिंतीवर काम करत होते. ही भिंत तिची एकटीची होती.

मी रोज एक फोटो काढायचे. पहिल्या दिवशी नुसत्या चौकटी, दुसऱ्या दिवशी बाह्यरेषा. मग एकेक घोडा भरत गेला. ग्रुपवर लोकांना आवडत होतं. नांदेडच्या वहिनी तर विचारायच्या, "आज कुठवर आले घोडे?"

तिसऱ्या घोड्याच्या दिवशी एक म्हातारा भिंतीसमोर उभा होता. मी थांबले. तो जाईल, मग फोटो काढीन. तो काही जाईना. दुसऱ्या दिवशीही तेच. हातात रिकामी कापडी पिशवी, पाय किंचित फाकलेले, मान वर. शेवटी मी म्हटलं, "चाचा, जरा बाजू होते क्या? फोटो लेना है."

त्यानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाला, "इसका फोटो नक्को लेओ अम्मा. ये घोडा गलत है."

"गलत बोले तो?"

"चारो टांगां ऐसे फैला को घोडा दौडता नै. गिरताय."

मग त्यानं पिशवी काखेत घेतली आणि दोन्ही हातांची दोन-दोन बोटं खाली करून घोडा केला. पुढचे पाय पुढे, मागचे मागे, पोट जमिनीला समांतर. भिंतीवरचे घोडे असेच होते. तो म्हणाला, असं कधी होतच नाही. पाय पसरलेले असतात तेव्हा त्यातला एखादा जमिनीला लागलेला असतोच. आणि चारही पाय हवेत असतात तेव्हा ते पोटाखाली गोळा झालेले असतात. त्यानं बोटं तळव्याखाली मुडपून दाखवली. "हवा में रहा तो टांगां पेट के नीचे. इत्ताच."

"तुम्हाला कसं माहीत?" हे मी उर्दूत विचारलं.

तो सईस होता. मोतद्दार. चाळीस वर्षं त्यानं रेसकोर्सच्या घोड्यांना खरारा केला, चारा घातला, पहाटे लगाम धरून फिरवलं. आता नातीला शाळेत सोडायला-आणायला या वाटेनं येतो. हे एवढं सांगितलं आणि गेला.

घरी आल्यावर मी नवऱ्याला विचारलं, "अहो, घोडा धावताना चारही पाय पसरतो ना?"

ते पेपर वाचत होते. म्हणाले, "मी हायकोर्टात होतो, तबेल्यात नाही."

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलीला सांगायला गेले. इथं माझं चुकलं. ती परांचीवर बसून चौथ्या घोड्याची आयाळ रंगवत होती आणि खाली तिचे दोघे सोबती चहा पीत उभे होते. मी तेलुगूत, वर्गात बोलतात तशा आवाजात म्हणाले, "अम्मा, ती घोड्यांची चित्रं चुकली आहेत. पाय चुकलेत."

"तप्पा?" ती म्हणाली. चूक?

सोबती हसले. ती खाली उतरली. नाकावरची ओढणी खाली करून शांतपणे म्हणाली, "आंटी, हे चित्र आधी कागदावर दाखवलंय. ते पास झालंय. मग भिंतीवर आलंय. तुम्ही कोण?"

मी म्हणाले, "मी गणिताची टीचर होते."

"मग गणितं तपासा," ती म्हणाली आणि परत चढली.

मी घरी आले. राग आला नाही असं नाही, पण थोड्या वेळानं लक्षात आलं की तिचं बरोबर होतं. मी जन्मभर हेच केलं होतं. फळ्यापाशी उभ्या असलेल्या पोरीला सगळ्या वर्गासमोर सांगायचं, इथं चुकलंस. ती पोर काय करायची? खडू ठेवायची आणि जाग्यावर जाऊन बसायची. ही मुलगी जाग्यावर जाऊन बसली नाही, एवढाच फरक. नवऱ्याला सांगितलं तर ते म्हणाले, "आता भिंतींचेही पेपर तपासणार का तू?" दोन दिवस मी दुसऱ्या रस्त्यानं चालायला गेले. ग्रुपवर विजेच्या डब्यांचे फोटो टाकले. ते कुणाला आवडले नाहीत.

आमच्या इमारतीच्या गच्चीवरून रेसकोर्सच्या मैदानाचा एक तुकडा दिसतो, दोन इमारतींच्या मधून. सकाळी घोड्यांना पळवतात तेव्हा ते त्या फटीतून क्षणभर जातात. इतक्या वर्षांत मी गच्चीवर पापड वाळवले, गाद्या उन्हात टाकल्या. घोड्यांकडे पाहिलं असेल-नसेल. तिसऱ्या दिवशी सातच्या सुमाराला मी फोन घेऊन वर गेले. बटण दाबून धरलं की फोन एकामागोमाग पंचवीस-तीस फोटो काढतो, हे मला सुनेनं शिकवलं होतं. ती पुण्याची, शहराच्या दुसऱ्या टोकाला कुकटपल्लीला राहते, संगणकात काम करते आणि तिच्या मते मी फोनचा दहावा हिस्साही वापरत नाही.

घोडे आले, गेले. पहिल्या दिवशी नुसत्या इमारतीच आल्या. दुसऱ्या दिवशी एक शेपूट. पाचव्या दिवशी एक अख्खा घोडा मिळाला, सात फोटोंमध्ये. अंधुक, दाणेदार, पण पाय मोजता येत होते. सईस खरं बोलत होता. एका फोटोत घोडा पूर्ण हवेत होता आणि चारही पाय पोटाखाली ओढलेले, जणू कुणी मोळी बांधली आहे.

मी त्या मुलीकडे गेले. या वेळी तिचे सोबती नव्हते. मी फोन पुढे केला. तिनं हात शर्टाला पुसले, फोन घेतला, सातही फोटो पुढे-मागे करून पाहिले. बराच वेळ.

"कुठून काढले?" तिनं विचारलं.

"आमच्या गच्चीवरून."

"उद्या मी येऊ?"

ती साडेसहालाच आली. गच्चीच्या कठड्याला टेकून उभी राहिली. फोटो काढला नाही, नुसतं पाहत होती. घोडे गेल्यावर वहीत पेन्सिलीनं काहीतरी पटापट काढायची. असं चार-पाचदा झालं. नंतर खाली घरात आली. मी सुशीला केला होता, भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा, फोडणी देऊन. तिनं पहिला घास घेतला आणि म्हणाली, "ही तर उग्गाणी!" ती कर्नूलकडच्या एका गावची. तिच्या घरीही सकाळी हेच करायचे, नाव तेवढं वेगळं. दोनदा घेतलं तिनं. खाता खाता म्हणाली, "मी नेटवरच्या एका चित्रावरून काढलं होतं, आंटी. घोडा जवळून पाहिलेलाच नाही मी. आमच्याकडे बैल."

"आता काय करणार?"

"पाच बदलायला वेळ नाही. एक बदलते. तिसरा."

तिसराच का, ते मी विचारलं. तो मधला होता. आणि सईस त्याच्यासमोर उभा राहायचा, हे तिनं वरून पाहिलेलं होतं.

तिनं तिसऱ्या घोड्याच्या पायांवर पांढरा रंग मारला. दोन दिवस तो घोडा बिनपायांचा होता. तिसऱ्या दिवशी सईस आला तेव्हा मी तिथंच होते. ती खाली उतरली. तिला उर्दू कळायची, पण बोलताना ती अडायची, म्हणून मी मधे उभी राहिले. माझी तशी गरज पडली नाही. तिनं खडूनं भिंतीवर एक पाय काढला. सईसनं मान हलवली. तिनं पुसला, पुन्हा काढला. त्यानं पुढे होऊन तिच्या खडूच्या रेघेवर बोट ठेवलं आणि गुडघ्याच्या जागी दाबलं. "इधर से मुडता." तिनं तिथून वळवला. मग त्यानं स्वतःचा उजवा पाय उचलून, भिंतीला हात टेकून, मागचा खूर कसा येतो ते दाखवलं. सत्तरी ओलांडलेला माणूस रस्त्याच्या कडेला एका पायावर उभा. रिक्षावाले बघत जात होते.

"हौ," तो शेवटी म्हणाला. "अब घोडा है."

घोडा रंगवून झाला त्या दिवशी मी फोटो काढून ग्रुपवर टाकला. पाचच मिनिटांत धाकट्या बहिणीचा निरोप आला, "तिसरा घोडा पडतोय का गं?"

मला वाटलं, तिला सवयच आहे खोड्या काढायची. पण मग नांदेडच्या वहिनींनीही तेच लिहिलं. संध्याकाळी भाजीवाली म्हणाली, "पाचातला एक ठेचकाळलाय बघा." दुसऱ्या दिवशी भिंतीपाशी एक रिक्षावाला दुसऱ्याला दाखवत होता, "वो एक तो ठोकर खाया ना!" मी भिंतीपासून लांब, रस्त्याच्या पलीकडे जाऊन पाहिलं. लोकांचं चुकत नव्हतं. चार घोडे हवेतून उडाल्यासारखे धावत होते, सुंदर दिसत होते आणि खोटे होते. तिसरा खरा होता आणि कोसळल्यासारखा दिसत होता.

दुपारी मुलगी सांगायला घरी आली. कामावर देखरेख करणारा माणूस येऊन गेला होता. "तो म्हणाला, एक घोडा पडलाय, उद्यापर्यंत बाकीच्यांसारखा कर."

"मग?"

"मग काय. करावा लागेल." ती सोफ्याच्या कडेवर बसली होती, अंगाला रंग म्हणून टेकत नव्हती. नवरा आतून आले. त्यांनी तिला पाणी दिलं आणि कधी नव्हे ते स्वतःहून म्हणाले, "खरा साक्षीदार पुष्कळदा अडखळतोच. पाठ केलेला घडाघडा बोलतो." मी ते तेलुगूत सांगितलं. ती हसली, पण त्यानं प्रश्न सुटण्यासारखा नव्हता.

जाताना तिनं ते सात फोटो पुन्हा मागितले. मी फोन दिला. तिनं हवेतल्या घोड्याचा फोटो मोठा केला, आणखी मोठा केला. आता पडद्यावर घोडा राहिलाच नव्हता, नुसती माती होती. ती म्हणाली, "आंटी, हे बघा."

"काय?"

"सावली."

मी तो फोटो किती वेळा पाहिला होता. पाय मोजले होते, गुडघे पाहिले होते. जमिनीकडे पाहिलं नव्हतं. सकाळच्या उन्हात घोड्याची सावली मैदानावर पडली होती आणि ती खुरांना चिकटलेली नव्हती. खुरांच्या आणि सावलीच्या मधे उजळ मातीची एक फट होती. ती फट पाहिली की घोडा हवेत आहे हे सांगावं लागत नव्हतं.

ती लगेच गेली. उरलेल्या उजेडात तिनं पायांना हातसुद्धा लावला नाही. घोड्याखालच्या पिवळसर पट्ट्यावर, खुरांपासून वीतभर खाली, गडद तपकिरी रंगाचा एक लांबट डाग काढला, कडेला फिकट होत गेलेला. त्यावर थोडी धूळ उडवली, कोरड्या ब्रशनं. मी पलीकडच्या फुटपाथवर उभी होते. डाग पूर्ण झाला आणि घोडा वर उचलला गेला. दुसरा शब्द मला सुचत नाही. मघापर्यंत पडत होता, तो आता जमीन सोडून निघाला होता. उलट बाकीचे चार आता कागदाचे वाटायला लागले. ते तिनंही पाहिलं असणार. पण ती ब्रश धुवायला बसली.

देखरेखीचा माणूस दुसऱ्या दिवशी आला. गाडीतून उतरला नाही. काच खाली करून भिंतीवरून नजर फिरवली, म्हणाला, "हां, आता ठीक," आणि गेला. तिनं पाय बदलले नव्हते हे त्याला कळलंच नाही.

सईसला मी सावली दाखवली. त्याला तिचं विशेष वाटलं नाही. "साया तो रहताच," तो म्हणाला. त्याचं लक्ष पायांकडे होतं. मग विचारलं, "बाकी चार?"

मुलगी परांचीची दोरी सोडत होती. तिनं मान हलवली. "टाइम नै चाचा."

"चलो," तो म्हणाला. नातीची शाळा सुटायची वेळ झाली होती.

मुलगी आणि तिचे सोबती दोन दिवसांनी गेले. कुठल्यातरी दुसऱ्या गावात बसस्थानकाची भिंत होती. तिनं मला तिथले एक-दोन फोटो पाठवले, मग ते यायचे थांबले. मी तिला पुन्हा काही पाठवलं नाही. काय पाठवणार? पुढच्या उन्हाळ्यात पहिल्या घोड्यावर शिकवणीची जाहिरात चिकटली, पाचव्याच्या शेपटीवर पानाच्या पिचकाऱ्या. तिसऱ्यावर अजून काही नाही. त्याच्यासमोर खांब आहे, चिकटवायला हात पोचत नसेल. सईस मधेमधे दिसतो. आम्ही एकमेकांना सलाम करतो. घोड्याविषयी बोलत नाही.

फोटो काढणं चालू आहे. परवा सुनेकडे कुकटपल्लीला गेले होते, तिथं उड्डाणपुलाच्या एका खांबावर नांगरणी रंगवली आहे. दोन बैल, मागे शेतकरी. मी फोन काढला, आणि मग जू बघत राहिले. जू खांद्यावर नेमकं कुठं असतं? वशिंडाच्या पुढे की मागे? आमच्या घराण्यात तीन पिढ्यांत कुणी बैल पाळलेला नाही. खाली एक बाई गजरे ओवत बसली होती. मी तिला तेलुगूत विचारलं, "अम्मा, ते जू बरोबर आहे का हो?"

"कुठलं जू?"

मी वर बोट केलं. तिनं मान वळवून पाहिलं. चांगलं निरखून पाहिलं. मग म्हणाली, "मी इथं चार वर्षं बसते. वर बैल आहेत हे मला आज कळलं." आणि पुन्हा दोऱ्यात फूल ओवायला लागली. पण माझी बस येईपर्यंत तिनं आणखी दोनदा वर पाहिलं.